कर्जाचे कारण : घरदुरुस्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ मार्चच्या जागतिक श्रवण दिनानिमित्त आपल्या रविवारच्या पुरवणीत तरुणांच्या बहिरेपणावर एक पानभर मजकूर आला होता. चित्रात हेडफोन लावून डोळे मिटून बसलेला मुलगा, आणि एकूण सूर असा की पोरांनो, हे तुम्ही तुमच्या हाताने ओढवून घेताय. लेखातली माहिती चुकीची नव्हती. मोठ्या आवाजात गाणी ऐकण्यामुळे जगातल्या शंभर कोटींहून जास्त तरुणांचे कान धोक्यात आहेत, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ८० डेसिबलच्या आत, आठवड्याला ४० तास, ही तिची मर्यादा तुम्ही छापलीत ते बरं केलंत. पण तो लेख वाचून आमच्या ऑफिसातला शिपाई, जो मनाने अगदी सरळ माणूस आहे, माझ्या टेबलाशी येऊन हळहळत म्हणाला, "मॅडम, तुम्हीपण कॉलेजात लई गाणी ऐकायचात वाटतं?" त्या दिवशीच हे पत्र लिहायला घेतलं. पूर्ण व्हायला तीन आठवडे लागले.

मी ३४ वर्षांची आहे. भांडुप पश्चिमेला, डोंगरउतारावरच्या चाळीत राहते आणि लालबागच्या एका पतपेढीत कॅशियर आहे. माझ्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. हेडफोन मी कधी विकत घेतला नाही. आमच्या घरात गाणी म्हणजे शेजारच्यांचा रेडिओ.

२०१३ साली मी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. खोकला जाईना, वजन ३८ किलोवर आलं. टीबी निघाला, आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारा निघाला, ज्याला एमडीआर म्हणतात. त्या काळी त्यावर दोन वर्षांचा उपचार होता आणि त्यातले पहिले सहा-सात महिने कॅनामायसिनचं इंजेक्शन. रविवार सोडून रोज. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. बसताना त्रास व्हायचा म्हणून मी लोकलमध्ये जागा मिळाली तरी उभी राहायचे आणि बायका म्हणायच्या, बस की गं, काय शिष्टपणा करतेस. चौथ्या महिन्यात रात्री कानात रातकिडे ओरडायला लागले. आमच्या मागे डोंगर आहे, झाडी आहे, त्यामुळे मला वाटलं, खरेच रातकिडे असतील. मे महिन्यातही थांबेनात, आणि दुपारी बारालाही ओरडतात म्हटल्यावर मी इंजेक्शन देणाऱ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, अशक्तपणा आहे, अंडी खा.

त्यांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे रोज रांग असायची आणि त्या इंजेक्शनने माझा जीव वाचला. २०१५च्या डिसेंबरात मी 'बरी झाले' असा शिक्का मिळाला. पण हे लिहायलाच हवं, की कॅनामायसिन कान खातं ही गोष्ट तेव्हाही वैद्यकशास्त्राला नवी नव्हती. कानाच्या आत, शंखासारख्या भागात, केसांसारख्या टोकांच्या बारीक पेशी असतात. हे औषध त्या मारतं. उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या पेशी आधी जातात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला एकदा आणि मग दर महिन्याला श्रवणचाचणी झाली असती तर निदान कळलं असतं, कुठे घसरतंय ते. माझी एकही झाली नाही. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे इंजेक्शन नको म्हणून सांगितलं. आता आपल्याकडे एमडीआरवर गोळ्यांचेच उपचार आहेत, आणि २०२४मध्ये तर सरकारने सहा महिन्यांच्या नव्या गोळ्यांना मंजुरी दिली. ऐकून आनंद झाला. थोडी जळलेसुद्धा.

माझा प्रश्न त्या आधीच्या लोकांबद्दल आहे. मुंबईत एमडीआर टीबी काही एकट्या मला झाला नव्हता. आमच्या केंद्रावर रोज सकाळी आम्ही सातजण बाकावर बसलेलो असायचो. एक रिक्षावाला, एक डी. एड. झालेली मुलगी, एक बाई जरीचं काम करणारी. सगळे विशी-तिशीतले. टीबीचा कोर्स संपला की थुंकी तपासायला परत बोलावतात. कान तपासायला आम्हाला कोणी बोलावलं नाही. त्या बाकावरच्या रिक्षावाल्याला आज मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येतो का, हे कोण विचारणार आहे? त्याची नावनिशी, पत्ता, किती इंजेक्शनं घेतली याची नोंद, सगळं सरकारदरबारी आहे. एक फोन, एक चिठ्ठी, एवढ्याने काम होईल.

आता माझ्या कानाकडे येते. मी बहिरी आहे हे मला पाच वर्षं माहीत नव्हतं. विनोद वाटेल, पण तसंच आहे. आवाज यायचे ना! ढोल, गाडी, आईची हाक, वरच्या बाईचा मिक्सर, सगळं यायचं. लोक बोलतायत हे कळायचं, काय बोलतायत ते कळायचं नाही. मला वाटायचं माझं लक्ष नाही. घरच्यांना वाटायचं मी घुमी झाले. ऑफिसात वाटायचं मी भाव खाते. मी एक युक्ती शिकले होते. समोरच्याचं तोंड बघायचं, तो हसला की हसायचं, त्याने भुवया आकसल्या की "अरेरे" म्हणायचं. या युक्तीवर एका बाईच्या सासऱ्यांच्या मयताची बातमी मी "अरे वा" म्हणून स्वीकारली आहे. तिने नंतर सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं आणि मला कारण तब्बल वर्षाने कळलं.

मग २०१८च्या डिसेंबरात ते प्रकरण झालं. आमच्याकडे एक मासळीवाल्या मावशी रोजचे पैसे पिग्मीत टाकतात. त्यांना लिहिता येत नाही, स्लिप मीच भरते. त्या काउंटरशी आल्या, म्हणाल्या पैसे काढायचेत, मुलीच्या फीला. रक्कम बोलल्या. मी स्लिप भरली, अंगठा घेतला, आठ हजार मोजून पुढे केले. मावशींनी नोटा बघितल्या, माझ्याकडे बघितलं आणि अख्ख्या पतपेढीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गो बाय, आठ नाय, साठ! साठ सांगितला मी!" रांगेतले हसले. मीही हसले, युक्तीप्रमाणे. साहेबांनी आत बोलावून विचारलं, लक्ष कुठे असतं? मी म्हटलं, सॉरी. त्या रात्री झोप लागली नाही. उलटं झालं असतं तर? आठच्या जागी साठ दिले असते तर? मावशींनी परत केले असते. दुसऱ्या कोणी केले असते?

मैत्रिणीने वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेचं नाव सांगितलं. केंद्र सरकारची संस्था आहे, १९८३ सालची, वाणी आणि श्रवणाच्या कामासाठीच. मुंबईत राहून मला ती माहीत नव्हती. मी समजत होते की वांद्रे रेक्लमेशनला फक्त बसडेपो आहे. (नायर रुग्णालयातही श्रवणचाचणीचा विभाग आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण लोक थेट यंत्राच्या दुकानात जातात, आणि दुकानात गेल्यावर चाचणी फुकट असते पण बाहेर पडणं महाग.) वांद्र्याच्या संस्थेत एका बंद खोलीत बसवून कानावर हेडफोन चढवले. आयुष्यातले माझे पहिले. आवाज आला की बटण दाबायचं. मी फार मन लावून दाबत होते, जणू परीक्षाच आहे. मधे बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, मशीन बंद पडलं. काचेपलीकडच्या मॅडम मात्र लिहीतच होत्या.

त्यांनी नंतर आलेख समोर ठेवला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. खालच्या पट्टीत दोन्ही रेघा जवळपास शहाण्यासारख्या, आणि मग एकदम उतार. आमच्या चाळीतून रस्त्यावर यायची पायऱ्यांची वाट आहे ना, तसा. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला स्वर ऐकू येतात. व्यंजनं गळतात." शाळेत मराठीच्या तासाला कोणी इतकं सोपं सांगितलं नव्हतं. 'आ', 'ओ', 'ऊ' हे खालच्या पट्टीतले, दणकट आवाज. 'स', 'श', 'फ', 'थ', 'ख' हे वरच्या पट्टीतले, नुसत्या हवेचे. 'साठ'मधला 'स' गळला की उरतं काय? आठ. 'सहा' आणि 'दहा' माझ्यासाठी जुळी भावंडं. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज जास्त चकवतात. गोंगाटात तर सगळ्याचाच काला. आणि माझी नोकरी कुठे, तर लालबागच्या रस्त्याला लागून असलेल्या काउंटरवर, आकडे ऐकण्याची.

तिथे बसल्याबसल्या मला आजोबा आठवले. आजोबा ८२च्या संपापर्यंत गिरणीत साच्यांवर होते. मागाच्या खात्यात आवाज असा असायचा की कामगार एकमेकांचे ओठ वाचायचे, हाताने खुणा करायचे. घरी आल्यावरही आजोबा खुणांनीच पाणी मागायचे. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. हळू बोललं की म्हणायचे, "मोठ्यानं बोल." मोठ्याने बोललं की खेकसायचे, "ओरडतोस कशाला, मी काय बहिरा आहे?" या वाक्यावर आमच्या घरात वीस वर्षं हशा पिकला आहे. मॅडमनी समजावलं की त्या पेशी गेल्या की असंच होतं. बारीक आवाज पोचत नाही आणि मोठा आवाज मात्र एकदम अंगावर येतो, मधली ऐसपैस जागाच शिल्लक राहत नाही. आजोबा विनोद करत नव्हते, लक्षण सांगत होते. आवाजाने आलेलं बहिरेपण कायद्याने कामाच्या ठिकाणी जडलेला आजार मानला जातो, नुकसानभरपाई मिळू शकते, हेही मला आत्ता कळलंय. आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

आमच्या घरात बहिरेपण म्हणजे आजोबा. कानातलं यंत्र म्हणजे म्हातारपण, खाटेवर बसणं, वाटीत भिजवलेली पोळी. सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या कानात ते बसवायचं म्हणजे आईच्या दृष्टीने मी एका दिवसात चाळीस वर्षं पुढे गेले. त्यात आधी टीबी झालेला. स्थळांचं काय झालं त्यावर लिहायला बसले तर तुमचं सगळं पान जाईल, म्हणून सोडते. आई एवढंच म्हणायची, केस मोकळे सोडत जा.

कायद्याचंही आमच्याशी फारसं जमत नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो की बोलण्याच्या पट्टीत, दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट असेल तर तो माणूस 'कमी ऐकू येणारा', त्याच्यापुढे 'बधिर'. माझी सरासरी पन्नासच्या आत येते, कारण खालच्या पट्टीतले चांगले आकडे वरच्या पट्टीतल्या वाईट आकड्यांना सांभाळून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गवारीत ३५ डेसिबलपासून पुढे 'मध्यम' घट सुरू होते. तिच्या लेखी मी रुग्ण आहे, आपल्या कायद्याच्या लेखी ठणठणीत. ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला नाही, म्हणून यंत्रासाठीची केंद्राची मदत नाही, आयकरात सूट नाही. लहान मुलांना कानात बसवायच्या इम्प्लांटसाठी मदत आहे, ती असलीच पाहिजे. साठीच्या पुढच्या गरीब ज्येष्ठांना वयोश्री योजनेत श्रवणयंत्र मिळतं, तेही उत्तम. मधल्या वयाची माणसं, ज्यांना रोज कामावर जाऊन ऐकायचं आहे आणि ज्यांच्या ऐकण्यावर त्या लहान मुलांचं आणि ज्येष्ठांचं घर चालतं, ती या दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीसमोर उभी आहेत. ऑफिसचा आरोग्य विमा म्हणाल तर आमच्या पॉलिसीत श्रवणयंत्र 'न मिळणाऱ्या वस्तूं'च्या यादीत होतं. यंत्रावर जीएसटी नाही, एवढा एक दिलासा आहे.

मी आधी ऑनलाइन बाराशे रुपयांचं एक डबडं मागवलं होतं. ते सगळाच आवाज सारखा वाढवायचं. काउंटरवरच्या मावशींपेक्षा पंखा मोठा, आणि वर शिट्टी. तरुण वाचकांना हात जोडून सांगते, त्या वाटेला जाऊ नका. ज्या पट्टीत जेवढं गेलंय तेवढंच तिथे वाढवावं लागतं, आणि त्यासाठी आधी तो आलेख लागतो. माझ्या आलेखाप्रमाणे लावलेल्या जोडीचे ६८ हजार झाले. माझे तेव्हाचे चार पगार.

कर्ज घेतलं. कुठे घेणार, स्वतःच्याच पतपेढीत. अर्ज मीच छापखान्यातून आणते, तो मला पाठ आहे. सातव्या रकान्यात 'कर्जाचे कारण' असतं. मी पेन घेऊन बसले आणि लिहिलं, घरदुरुस्ती. संचालक मंडळात ओळखीचे काका होते, त्यांनी प्रेमाने विचारलं, पत्रे बदलताय का? मी म्हटलं, हो. पावसाळ्यात गळतं. त्यांनी व्याजात अर्धा टक्का कमी करून दिला.

यंत्र लावल्यावर पहिल्यांदा आईचा आवाज ऐकून रडू आलं वगैरे काही झालं नाही. पहिले पंधरा दिवस मला ते फेकून द्यावंसं वाटत होतं. स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा. पोळी चावली की डोक्यात गिरण चालायची. बांगड्या, वर्तमानपत्राची घडी, प्लास्टिकची पिशवी, की-बोर्ड, सगळ्यांना एकदम वाचा फुटली होती आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. पतपेढीतलं नोटा मोजायचं यंत्र तर शत्रूच. मॅडमकडे तीनदा जाऊन सेटिंग बदलून घेतलं. त्या म्हणाल्या, पाच वर्षं तुमच्या मेंदूला हे आवाज मिळालेले नाहीत, त्याला पुन्हा शिकू द्या, आधी घरात दोन तास, मग ऑफिसात. चष्मा लावला की त्याच क्षणी दिसतं. याचं तसं नसतं. माझ्या माहितीतल्या दोघांची यंत्रं याच कारणाने कपाटात पडून आहेत. पैसे भरून आणली, आठवड्यात कंटाळले, परत सेटिंगला गेलेच नाहीत.

माझी तार जुळायला दोन महिने लागले. एके दिवशी संध्याकाळी करी रोडला इंडिकेटरकडे न बघता मी धीम्या गाडीकडे वळले आणि मधेच थांबले, की मला कळलं कसं? घोषणा ऐकली होती. एवढंच. पण घरी जाईपर्यंत प्रत्येक स्टेशनची घोषणा मी परीक्षकासारखी ऐकत गेले.

बाकी रोजचं सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. माझ्या यंत्राला तपकिरी स्टिकरचा ३१२ नंबरचा सेल लागतो. स्टिकर काढून मिनिटभर तसाच ठेवायचा, हवा लागली की तो चालू होतो. सहा-सात दिवस पुरतो आणि नेमका कुर्ला-सायनच्या मधे, डब्यात हात हलवायला जागा नसताना दम तोडतो. जुलैमध्ये घाम आणि पाऊस मिळून आतल्या नळीत पाणी धरतं, म्हणून रात्री यंत्रं सिलिकाच्या डबीत झोपतात. आईने आधी तांदळाच्या डब्यात ठेवायचा आग्रह धरला होता. विसर्जनाच्या दिवशी लालबागला असेन तर दोन्ही काढून डबीत. त्या दिवशी मला यंत्राची गरज नसते आणि कुणालाच नसते.

करोनाच्या दिवसांत मास्कने छळ केला. ओठ झाकले गेले, म्हणजे माझी जुनी युक्तीही गेली. त्यात मास्कची दोरी आणि यंत्र दोघांचा मुक्काम एकाच कानामागे. २०२१च्या पावसात करी रोडच्या पुलावर मास्क काढताना डावं यंत्र उडालं. चौतीस हजारांची वस्तू, शेंगदाण्याएवढी, संध्याकाळी साडेसहाच्या गर्दीत. मी तिथेच खाली बसले. मागच्या बायकांनी आधी शिव्या दिल्या, मग काय हरवलंय म्हणून विचारलं, मग दोघीतिघींनी हात पसरून चक्क गर्दी अडवली. सतरा-अठरा वर्षांच्या एका मुलीने मोबाइलचा टॉर्च लावून ते गजरेवालीच्या ताडपत्रीच्या कडेतून शोधून काढलं. हातात धरून म्हणाली, "ताई, हे काय आहे?"

मी म्हटलं, "ब्लूटूथ आहे."

ती म्हणाली, "भारी आहे, केवढ्याला?"

संपादक महाराज, हे दुसरं खोटं. तिच्या स्वतःच्या दोन्ही कानांत पांढरी बोंडं होती, माझ्या यंत्राच्या दुप्पट आकाराची, सगळ्या जगाला दिसतील अशी. गाण्यासाठी कानात काही घातलं तर दिमाख, माणसांचं बोलणं ऐकण्यासाठी घातलं तर लपवायचं, हे गणित मला त्या पुलावर सुटलं नाही आणि अजून सुटलेलं नाही. कदाचित खरं सांगितलं असतं तर त्या मुलीने तिच्या घरातल्या कुणाला तरी सांगितलं असतं. घर पोचेपर्यंत मी तिला मनातल्या मनात खरं उत्तर देत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात केस बांधून गेले. कुणी काही बोललं नाही, फक्त मासळीवाल्या मावशींनी काचेतून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "आता साठ ऐकतलंस." तेव्हापासून त्या रक्कम सांगताना बोटं दाखवतात. मी सांगितलं, मावशी, आता गरज नाही. तरी दाखवतात.

आपल्या लेखाबद्दल माझी तक्रार एवढीच, की त्यात फक्त दोन प्रकारचे लोक होते, सावध तरुण आणि बेफिकीर तरुण. ज्यांचं ऐकू येणं आधीच गेलंय ते तिसरे कुठेच नव्हते. आमच्यात इंजेक्शनवाले आहेत, लहानपणी कान फुटून पडद्याला भोक राहिलेले आहेत, बाळंतपणानंतर कमी ऐकू यायला लागलेल्या बायका आहेत (कानातलं एक बारीक हाड जखडतं, आणि ते बऱ्याचदा तिशीतच सुरू होतं, त्यावर शस्त्रक्रियाही होते). कारखान्यातले आहेत, ढोलपथकातले आहेत. आणि हो, हेडफोनवालेही आहेत, पण त्यांच्या कानात आता काय घालायचं, कुठे तपासायचं, कितीला पडतं, यातलं काहीच लेखात नव्हतं. 'असं करू नका' हे ज्याने केलंय त्याच्या काय कामाचं? आमच्या ऑफिसात दरवर्षी साखर, रक्तदाब आणि डोळे तपासायला शिबिर लागतं. डोळ्यांच्या तक्त्याशेजारी कानाची तपासणी ठेवायला काय जड आहे? मध्यम वयात ऐकू कमी येणं आणि त्यावर काहीच न करणं, याचा पुढच्या स्मृतिभ्रंशाशी संबंध असल्याचं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२०च्या अहवालात आहे, म्हणजे हे नुसतं लाजेचं प्रकरणही राहत नाही. यावर एक पान आपण द्यावं. वांद्र्याच्या संस्थेतल्या मॅडम माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगतील. आणि त्या बाकावरच्या सातजणांबद्दल पालिकेच्या आरोग्य खात्याला आपल्या वार्ताहराने एकदा विचारावं, ही विनंती. मी विचारलं तर अर्ज करा म्हणतील. केला आहे, पोचपावती जपून ठेवली आहे.

माझी जोडी आता सात वर्षांची झाली. डावं यंत्र शिट्टी मारतं, उजव्याचे सुटे भाग मिळत नाहीत असं कळलंय. नवी जोडी घ्यावी लागेल. काल मी पुन्हा आमच्याच पतपेढीचा अर्ज भरला. अर्ज आता संगणकावर आहे, कर्जाचं कारण यादीतून निवडायचं असतं. शिक्षण, लग्न, वैद्यकीय, वाहन, घरदुरुस्ती, इतर. 'इतर' निवडलं की शेजारी चौकट उघडते. त्यात मी मराठीत 'श्रवणयंत्र (स्वतःसाठी)' असं टाइप केलं आणि साहेबांच्या टेबलावर छापील प्रत ठेवून आले. काका अजून संचालक मंडळावर आहेत. पत्र्यांचं विचारतील.

आपली एक वाचक,
भांडुप (पश्चिम), मुंबई

ता. क. : कृपया माझं नाव छापू नये. धाकट्या बहिणीचं स्थळ जुळत आलंय आणि आईने तेवढं मागितलं आहे. तिला मी नाही म्हणू शकले नाही. ती हळू बोलली होती, पण मला नीट ऐकू आलं.